सरजाकाकीचं लाकूड

मला आवाजावरून लाकूड ओळखता येतं. बाभळीत मशीन शिरली की किंचाळते, सागवानात एकसुरी बोलत राहते, आणि आंब्यात शिरली की तिचा आवाज जरा बसतो, सर्दी झालेल्या माणसासारखा. हे कौशल्य मला आजवर कुठल्याही अर्जात लिहिता आलेलं नाही. आता माझ्या सासरी, गोंदियाजवळ फुलचूरला, आमच्या गल्लीत विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटायला दरवर्षी माणसं येतात, तेव्हा मी स्वयंपाकघरातूनच सांगते की ह्यांच्या चेनला धार नाही. आमचे हे म्हणतात, मग जाऊन सांग. मी जाऊन सांगते. ती माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्यामागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतात, आणि मग कानस शोधायला लागतात. केस पिकले तरी मला ह्याची गंमत अजून वाटते, हे कबूल करायला हरकत नाही.

मशीन आमच्या घरी भाऊबिजेला आली. माझे मामा नागपूरला पाण्याचे पंप दुरुस्त करत. कुण्या ठेकेदारानं त्यांच्याकडे ही चेन सॉ दुरुस्तीला टाकली आणि तो पुन्हा फिरकलाच नाही. बरीच वाट पाहून मामांनी ती पोत्यात घातली आणि दवनीवाड्याच्या अलीकडे आमचं गाव आहे तिथे, बहिणीला ओवाळणी म्हणून घेऊन आले. मायनं साडीच्या आशेनं ओवाळलं होतं. ताटाशेजारी पोतं ठेवलं गेलं. "हे का आहे गा भाऊ?" तिनं विचारलं. "झाड कापाची मशीन," मामा म्हणाले, "पेट्रोलवर चालते." माय ताट घेऊन आत गेली आणि त्यांना जेवायला वाढलं, पण कढी दुसऱ्यांदा विचारली नाही. त्यानंतर बाबूजी, म्हणजे माझे वडील, दर वेळी मशीन बाहेर काढण्याआधी तिला विचारत, कारण रीतसर बघितलं तर ती तिची होती. तिनं एकदाही नाही म्हटलं नाही आणि एकदाही खुशीनं हो म्हटलं नाही.

बाबूजी गावातल्याच प्राथमिक शाळेत गुरुजी होते. घरची धानाची शेती होती, ती एक माणूस लावून व्हायची. त्यांना झाडं कापायची काहीएक गरज नव्हती. पण मशीन आली आणि त्यांना लाकडाच्या फळ्या पाडायचा नाद लागला. इतर गुरुजी मंडळी रविवारी पत्ते खेळत, हे रविवारी वादळात पडलेलं झाड शोधत सायकलनं हिंडायचे. त्याचं काय करायचं असं कुणी विचारलं की म्हणायचे, "झाड बाहेरून सारेच पायतात. आतून कोन पायते?" समोरचा माणूस घरी जायचा आणि गुरुजींचं डोकं तपासायला पाहिजे असं बायकोला सांगायचा. बायको ते मायला सांगायची.

गोंदियाच्या एका वेल्डिंगवाल्याकडून त्यांनी लोखंडी चौकट करवून आणली. ती मशीनला बोल्टनं बसायची. ओंडक्यावर घरची शिडी ठोकायची आणि शिडीवरून चौकट सरकवत न्यायची, म्हणजे पहिला काप सरळ जातो. पुढचे काप मग त्याच सपाटीवरून. एकानं मशीन ढकलायची आणि दुसऱ्यानं मागून कापात पाचरी ठोकत यायचं, नाहीतर लाकूड मिटतं आणि मशीनची पट्टी धरून ठेवतं. हा दुसरा माणूस कोण, असा प्रश्न आला. माय म्हणाली, "मी नाई." घरात तिसरं माणूस मीच. मी तेव्हा नववीत होते. दोन वर्षांनी बाबूजींची कंबर धरली आणि आमची अदलाबदल झाली. मशीन माझ्या हातात आली, पाचरी त्यांच्या. गावानं ह्याची चर्चा साधारण महिनाभर केली, मग कुणाच्या तरी घरची सून माहेरी निघून गेली आणि आमचा विषय मागे पडला.

त्या वर्षांत आमच्या घरात फळ्या होत्या, वस्तू नव्हत्या. भिंतीला टेकवलेल्या, कोठ्यात बैलांच्या डोक्यावर रचलेल्या, पलंगाखाली सरकवलेल्या. दोन फळ्यांमध्ये काड्या ठेवून वारा खेळता ठेवायचा आणि मग वर्ष-वर्ष नुसती वाट पाहायची, कारण ओल्या फळीचं काही केलं तर ती वाकडी होते आणि माणसाला तोंडघशी पाडते. बाबूजी विकत काही नसत. वनरक्षक एकदा येऊन गेला. त्यानं सगळ्या फळ्या पाहिल्या, चहा घेतला, आणि धंदा करत नाही म्हणता तर मग करता काय, असं दोनदा विचारून निघून गेला. लाखोळीच्या वरणात भुसा पडायचा म्हणून माय सगळी भांडी झाकून ठेवायची, पण त्याच भुशाशिवाय तिचं चालेनासं झालं होतं. डब्यात मधोमध बाटली उभी धरून भोवती भुसा ठोकायचा, बाटली अलगद काढून घ्यायची, खालून पेटवायचं. अशा भुशाच्या शेगडीवर आमचा भात, कढी, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा, सगळं शिजायचं. दोन रविवार झाड मिळालं नाही की तीच कुरकुरायची, "काऊन जी, यंदा कोनतंच झाड पडून नाई राहिलं का?"

आमच्या मशीनचा गावाला एकच उपयोग होता आणि तो मातीच्या वेळी. माती म्हणजे अंत्यविधी. कुणी गेलं की मातीले जाऊन राहिलो असंच आमच्याकडे म्हणतात. गावात कुणाच्याही घरी मयत झाली की दर घरामागे एक लाकूड द्यायचं, अशी रीत. नत्थूजी म्हणून एक गृहस्थ होते, त्यांची बैलबंडी गल्लीगल्लीतून फिरायची. प्रत्येक दारासमोर थांबायची, त्या घरचं माणूस एक लाकूड आणून टाकायचं, बंडी पुढे जायची. मागावं लागत नसे आणि कुणी उपकार मानत नसे. लाकूड फार लांब किंवा जाड निघालं की आम्हाला बोलावणं यायचं. त्यामुळे आमच्या दाराशी सकाळी सकाळी कुणी उभं राहिलं की बाबूजी आधी विचारायचे, "कोन?"

सरजाकाकी आली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी बारावीची परीक्षा देऊन घरी बसले होते, आम्ही तिघं जेवत होतो. सरजाकाकी आमच्या नात्याची कुणी नव्हती. गल्लीच्या टोकाला एका खोलीत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोन शेळ्या, धानाच्या शेताचा एक तुकडा, म्हणजे बांधी, आणि बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, एक आंब्याचं झाड. एवढा तिचा संसार.

"कोन मेला?" बाबूजी घास हातात धरून म्हणाले.

"कोनी नाई," काकी म्हणाली. "मी मराची आहो."

"कवा?" मायनं विचारलं.

"मले का ठाव? म्हनून तं आताच सांगाले आली." ती उंबऱ्यावर टेकली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुंदा, माजा आंबा पाडून दे. त्याचे तुकडे करून दे. मी घराच्या वळचणीले रचून ठेवीन. माह्या मातीले माजंच लाकूड लागलं पायजे. पुरं सुकलेलं."

बाबूजी म्हणाले, अहो, गाव देतं ना लाकूड. तर ती एकदम चिडली. "देते ना! एकाचं ओलं, एकाचं सडलं. माजा म्हातारा सावनात मेला. सारं गाव लाकूड घेऊन आलं, पन सारं पान्यात भिजलेलं. टायर टाकले, राकेल टाकलं. तिसऱ्या दिवशी राख सावडाले गेले, तं तो अर्धा तसाच होता, गुरुजी. मानसं येऊन मले सांगत नोहती, पन मले का समजत नोहतं?" माय ताटावरून उठली आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आली. काकी प्यायली नाही. "मले अर्धं नाई जराचं. पुरं जराचं आहे. झाड आता फळत नाई, शेंड्याकडून सुकून राहिलं. ते आन मी, दोघंही संगंच जाऊ." उठता उठता तिनं मला बजावलं, "सारं झाड मले पायजे. आन बाभूर नोको मिसळजो. काट्याचं लाकूड मानसाले देत नाईत."

बाबूजींनी झाडाच्या परवानगीचा कागद करून आणला. गुरुजी असल्यामुळे त्यांना कागदांची भीती नव्हती, कागदाविना केलेल्या कामाची होती. एका रविवारी आम्ही दोघांनी आंबा पाडला. पडायच्या बाजूनं खाच घेतली, मागून काप दिला, झाड कुरकुरलं आणि मोकळ्या बांधीत बरोबर सांगितल्या जागी आडवं झालं. सरजाकाकी धुऱ्यावर उभी राहून बघत होती. झाड पडल्यावर तिनं शेळ्यांना फांद्यांवर सोडलं आणि म्हणाली, "बरं झालं." सोमवारी बाबूजींना आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला भंडाऱ्याला जावं लागलं. तुकडे करायचं काम माझ्यावर सोडून ते गेले.

फांद्यांचे आणि वरच्या खोडाचे तुकडे मी दोन दिवसांत केले. तिसऱ्या दिवशी बुंध्याला हात घातला. मशीनचा आवाज बसला, नेहमीसारखा. काप पूर्ण होऊन तुकडा बाजूला पडला आणि मी मशीन बंद करून खाली बसले. पिवळट लाकडात काळ्या रेघा होत्या, बारीक टाकानं काढल्यासारख्या, एकमेकींना न छेदता वळत वळत गेलेल्या. झाड शेंड्याकडून वाळायला लागलं की बुरशी आत उतरते आणि अशा रेघा सोडते, हे मला बाबूजींनी सांगितलं होतं. सांगितलंच होतं. आम्ही इतकी झाडं फाडली, पण अशा रेघा कुठल्याच झाडात निघाल्या नव्हत्या. आता माणसाच्या उंचीपेक्षा लांब असा हा बुंधा माझ्यासमोर पडलेला होता आणि मला त्याची चितेची लाकडं करायची होती.

मी स्वतःला काय काय सांगितलं ते सगळं मला आठवतं. की काकी एवढ्यात काही मरत नाही. की जाळायला काय, कुठलंही लाकूड सारखंच. की मागितलं तर ती देणार नाही, म्हणून मागण्यात अर्थ नाही. ह्यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. बुंधा मी तिथेच फाडला. पाचरी ठोकायला कुणी नव्हतं, म्हणून हातभर काप घ्यायचा, मशीन ठेवायची, मागे जाऊन पाचर ठोकायची, पुन्हा पुढे. दोन दिवस लागले. पाच फळ्या निघाल्या. त्या घरच्या बंडीवर टाकून कोठ्यात नेल्या आणि मायला सांगितलं की काकीनंच दिल्या. रिकामी जागा भरायला आमच्या कुंपणासाठी आणलेल्या बाभळीतले दोन ठोकळे घेतले, त्यांची साल सोलली आणि ओली माती चोळली. साल काढली की कोण ओळखतं, असं मला वाटलं. मला, म्हणजे आवाजावरून लाकूड ओळखणाऱ्या मुलीला, असं वाटलं.

सगळं लाकूड काकीच्या वळचणीला रचून झाल्यावर ती एकेका तुकड्यावरून हात फिरवत गेली. तिला तेव्हा कमी दिसायला लागलं होतं. खालून वर, डावीकडून उजवीकडे, बाजारात भोपळा बघावा तसा एकेक थोपटत. बाभळीच्या ठोकळ्यांवरूनही हात फिरला. तिथे तो थांबला की नाही, हे मी नंतर किती वेळा आठवून पाहिलं असेल. मला वाटतं, थांबला नव्हता. "चांगलं केलं, पोरी," ती म्हणाली आणि पदराखालून टोपलीभर लाखोळीची डाळ काढून माझ्या हातात दिली. मी नको म्हणाले. "घे वो. फुकट काम केलं तं मले पचत नाई." मायनं त्या डाळीचे बडे, म्हणजे वडे, तळले. बाबूजी परतले होते, त्यांनी कोठ्यात जाऊन फळ्या पाहिल्या, एका फळीवरून तळहात फिरवला. "सरजाबाईनं देल्ल्या?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले आणि बडा तोंडात टाकला. बडे चांगले झाले होते. मी सहा खाल्ले.

फळ्या दीड वर्ष वाळल्या. मी गोंदियाला खोली करून कॉलेजात शिकत होते, सुट्टीच्या दिवशी घरी यायची आणि त्या घासत बसायची. त्यांचं मी जेवणाचं टेबल केलं. मुळात आमच्या घरी सगळे खाली बसून जेवतात, त्यामुळे टेबलावर कधी कुणी जेवलं नाही. त्यावर माय वड्या वाळत घालायची, बाबूजी शाळेची मस्टरं ठेवायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवलं जायचं. मला बघायला पाहुणे आले तेव्हाही पोह्यांआधी टेबल दाखवलं. बाबूजी म्हणाले, पोरीनं लाकूड स्वतः फाडलं. मुलाच्या काकांनी टेबलाखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "स्वयंपाक येते का?" मुलानं मात्र त्या काळ्या रेघांवरून बोट फिरवलं आणि हे कसं झालं म्हणून विचारलं. मी अर्धा तास बुरशीवर बोलले. लग्न तिथेच जमलं, असं हे आजही सांगतात. दिवाळीनंतरची तारीख ठरली आणि आंदणात दुसरं काही नसलं तरी चालेल, टेबल येईल, असं मी ठरवून टाकलं.

आंबा पाडल्यापासूनच्या ह्या सहा वर्षांत मी सरजाकाकीच्या अंगणात एकदाही गेले नाही. रस्त्यात भेटायची, कॉलेज कसं काय विचारायची, मी गाडीची वेळ झाली म्हणायची. तिचं घर टाळण्यासाठी मी गल्लीच्या दुसऱ्या तोंडानं वळसा घालून जायची, पावसातसुद्धा. चोरी करणं सोपं होतं, नंतरचं चालणं फार झालं.

सरजाकाकी श्रावणातच गेली. सहा दिवस पावसाची झड लागलेली, धानाची रोवणी नुकतीच आटोपलेली, बांध्या तुडुंब भरलेल्या. सकाळी शेळ्या ओरडत राहिल्या म्हणून शेजारच्यांनी दार ढकललं, तर ती झोपेतच गेलेली. बाबूजी, माय आणि मी गेलो. मी तिच्या अंगणात पाय ठेवला आणि आधी वळचणीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. माझ्या हातानं रचलेलं, छपराला टेकलेलं लाकूड गायब होतं. त्या जागी नुसती कोरडी जमीन आणि तिच्यावर शेळ्यांच्या लेंड्या. भिंतीला लागून दोन ठोकळे तेवढे उभे होते. बाभळीचे. बसून बसून वरून गुळगुळीत झालेले.

"काकीचा आंबा कुठं गेला?" मी विचारलं. माझा आवाज जरा मोठा झाला असावा, बायका वळून पाहायला लागल्या.

नत्थूजी पोत्याची घोंगडी डोक्यावर घेऊन उभे होते. "सरला ना कवाचाच," ते म्हणाले. "दर मातीले देत होती. बंडी थांबली का एक लाकूड आनून टाकत होती. मागच्या उन्हाऱ्यात शेवटचं देल्लं."

"आन तुमी घेत होते? तिच्या सरनाचं होतं ते!"

"ठाव होतं आमाले. मी एकडाव म्हटलंही, काकी, तुजं राहू दे." नत्थूजींनी डोळ्यावरचं पाणी पुसलं, पावसाचं होतं की कसं ते कळलं नाही. "माह्यावर भडकली. म्हने, घरामागं एक लाकूड ना? मंग माजं घर नोहे का?"

"आन हे दोन?" मी ठोकळ्यांकडे बोट दाखवलं, जरी मला उत्तर ठाऊक होतं.

"ते बाभुरीचे. ते नाई देत होती. आलेल्याले बसाले ठेवले होते." म्हणजे आल्यागेल्या सगळ्यांनी ते वापरले होते. त्यांच्यावर बसले नव्हते ती मीच.

पुरुषमंडळींची लाकडाची खटपट सुरू झाली. सहा दिवसांच्या झडीत कुणाच्या घरी काय कोरडं असणार? कुणीतरी टायरचं नाव काढलं. ते ऐकल्यावर मी बाबूजींना बाजूला घेतलं. "त्या फळ्या काकीनं नोहत्या देल्ल्या," मी म्हणाले. "मी चोरल्या. त्या जागी बाभूर ठेवली. तिले ठाव होतं, बाबूजी. पह्यल्या दिवसापासून ठाव होतं." मला वाटलं ते मारतील. त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, पण त्या दिवशी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते धोतर वर खोचून घराकडे वळले. मग म्हणाले, "टेबलाले स्क्रू किती आहेत?"

आम्ही घरी आलो. माय मागोमाग आली आणि काय चाललंय ते बघून दारातच थांबली. "लगनाचं सामान आहे ते," ती म्हणाली. मी म्हटलं, माय, ते आपलं नाही. तिकडे सरजाकाकी घरात निजवलेली, गाव पावसात उभं, आणि इकडे आम्ही बाप-लेक टेबल उलटं करून स्क्रू काढत बसलेलो. लोखंड राहिलं तर मशीनची चेन तुटते, म्हणून एकेक शोधून काढावा लागला. टेबल करताना मी फार मन लावून काम केलं होतं, एकही स्क्रू ढिला निघेना. शेवटच्या स्क्रूशी मी रडायला लागले, तर बाबूजींनी माझ्या हातातला पेचकस घेतला आणि म्हणाले, "मशीन काढ." मी मायकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. मग मी आमच्या वळचणीखाली फळ्यांचे मधोमध दोन-दोन तुकडे केले. आवाज बसका आला. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार, कारण काकीच्या अंगणात चाललेलं बायकांचं रडणं तेवढा वेळ थांबलं होतं, असं नंतर शेजारणींनी सांगितलं.

आमच्याकडे बायका मातीला जात नाहीत. मी फळ्या ताडपत्रीत गुंडाळून नत्थूजींच्या बंडीवर ठेवल्या आणि घरी बसले. बंडी नेहमीसारखी दारोदार थांबत गेली. लोकांनी ओलं द्यायचं नाही असं जणू ठरवलंच होतं. कुणी चुलीमागचं दिलं, कुणी खाटेचा पाय, एकानं तर छपराचा वासा काढून दिला आणि वर पोतं टाकलं. बाबूजी दुपारी आले. अंगणातच डोक्यावरून पाणी घेतलं, कोरडं धोतर नेसले, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "खाली तुज्या फळ्या घातल्या. त्यायनंच पेट धरला. मंग बाकीचं जरलं." पुढे तिसऱ्या दिवशी राख सावडायला तेच गेले. परत आल्यावर माझ्यापुढे बसले आणि शाळेत निकाल सांगावा तसं सांगितलं, "पुरी जरली."

ह्यामुळे माझं देणं फिटलं असं मी म्हणत नाही. मी तिचं लाकूड घेतलं ते घेतलंच, आणि ती सहा वर्षं माझं कॉलेज विचारत राहिली. तिनं एकदा जरी म्हटलं असतं की पोरी, तू माझं चोरलं, तर मला तिची माफी तरी मागता आली असती. तिनं ती सोय ठेवली नाही. ह्याचा मला त्या वेळी राग यायचा. आता येत नाही, आता नुसती लाज वाटते, आणि ती भुसा अंगाला चिकटावा तशी कुठे कुठे सापडते.

लग्नाआधी, धानाची कापणी चालू असताना, गावात एक म्हातारे गेले. सकाळी नत्थूजींची बंडी आमच्या दाराशी थांबली. मी कोठ्याशेजारच्या ढिगातून एक लाकूड आणून टाकलं. बैल निघायला लागले तसं मी थांबा म्हटलं, आत गेले आणि दुसरं आणलं, पहिल्यापेक्षा चांगलं.

"एकच लागते घरामागं," नत्थूजी म्हणाले. "हे कोनाचं?"

"सरजाकाकीच्या घरचं," मी म्हटलं.

नत्थूजींनी गल्लीच्या टोकाच्या बंद दाराकडे पाहिलं. मग लाकूड ओढून सारखं केलं आणि बैल हाकले.